गप्प बसणारे डबे

पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्यावर रुसले होते. ते ऑफिसात आले की मी आपली उठून नमस्कार करायची, आणि हे गृहस्थ एकदा वर बघून परत खाली मान घालायचे. दोन-चार दिवस सहन केलं, मग मात्र तोंडावर विचारलं. म्हटलं, सर, माझं काही चुकलं का? तुम्ही माझा नमस्कारच घेत नाही. तर ते अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "पहिल्या दिवशी झाला होता ना आपला नमस्कार? तो मी परत घेतलेला नाही." कपाळाला हात लावून मी खाली बसले.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. बारामतीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी कळंबच्या बाजूला एका उपसा सिंचन संस्थेत ऑपरेटर म्हणून लागले होते. संस्था शेतकऱ्यांचीच. नीरेतलं पाणी मोटारींनी उचलायचं, टेकाडावर चढवायचं आणि तिथून पाइपाने एकामागून एक हौदांत सोडायचं. हौदातून पुढे शेताला. पुढचे हौद नदीजवळच्या ऊसवाल्यांचे, आणि सगळ्यात शेवटचा हौद लांब माळावरच्या वस्तीचा. ही वस्ती एकेकाळी मेंढरं राखणाऱ्यांची. आता मेंढरं थोडी उरलेली, शेती थोडी लागलेली, आणि पोरं कुणी ट्रकवर, कुणी बारामतीला कंपनीत.

कुठल्या हौदात किती पाणी आहे हे बघायला पाटकरी लूनावरून हिंडायचा. पाटकरी म्हणजे पाण्याच्या चाव्या सोडणारा आणि बंद करणारा माणूस. बिचारा शेवटच्या हौदाकडे निघाला की वाटेत पुढचे लोक त्याला चहाला अडवायचे, पाठीवरून हात फिरवायचे आणि आपलीच चावी परत सोडून घ्यायचे. शेवटच्या वस्तीला कोरडा पाइप. याला चोरी कुणी म्हणत नव्हतं. सगळ्यांना सवयच लागली होती त्याची.

हे मोडायला सर आले. पुण्याच्या एका कंपनीतून निवृत्त झालेले, किरकोळ अंगाचे, कायम एकाच रंगाच्या शर्टातले. त्यांच्याकडे तोच रंग होता, कारण कुठला घालू असा प्रश्न रोज सकाळी स्वतःला विचारायला त्यांना आवडत नसे. येताना त्यांनी स्वतः बनवलेले पत्र्याचे डबे आणले होते. प्रत्येक हौदावर एक डबा. हौदात तरंगणारा प्लास्टिकचा गोळा दांडीने डब्याला जोडलेला, डब्यात बॅटरी आणि बिनतारी यंत्र, आणि वर वीतभर अँटेना. पाणी चढलं-उतरलं की डबा ते ऑफिसला कळवणार. ऑफिसात माझ्यासमोर लाकडाची फळी, तिच्यावर प्रत्येक हौदाचा एक काटा आणि एक तांबडा दिवा. आज कुणाला याचं कौतुक वाटणार नाही, पण तेव्हा आमच्याकडे माणसं फळी बघायला यायची आणि चपला बाहेर काढून आत यायची.

त्या डब्यांचा कायदा सरांनी घालून दिला होता. बदल झाला तरच बोलायचं. पाणी आहे तिथंच असेल तर गप्प. बोलायला बॅटरी लागते, आणि माळावर बॅटरी बदलायला जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो. त्यामुळे जे ऑफिसला आधीच माहीत आहे ते पुन्हा सांगणं हा त्यांच्या मते गुन्हा होता.

हा कायदा डब्यांपुरता असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण सर स्वतःही त्याच कायद्याने जगायचे. इंदापूरला खोली घेऊन राहत. खाली चहावाला होता, त्याला पहिल्या दिवशी सांगून ठेवलं, रोज सकाळी एक, साखर कमी. त्यानंतर त्या चहावाल्याने त्यांचा आवाज ऐकला नाही. तो मला विचारायचा, साहेबांना बोलता येतं ना हो? खाणावळीतही तेच. पेपर रोज घ्यायचे, पण वाचायचे शनिवारी, एकदम. म्हणायचे, जी बातमी शनिवारपर्यंत टिकते तीच खरी. "काय ऊन पडलंय हो," असं कुणी म्हणालं की त्यांच्या चेहऱ्यावर दाढ दुखल्यासारखं काहीतरी यायचं.

बायको साताऱ्याला मुलाकडे. तिला रोज संध्याकाळी एसटीडी बूथवरून फोन लावायचे, दोन रिंगा वाजू द्यायचे आणि ठेवून द्यायचे. दोन रिंगा म्हणजे सगळं ठीक. बूथवाला वैतागलेला, कारण फोन उचललाच नाही तर त्याला मिळणार काय? मी एकदा म्हटलं, सर, काकूंना तुमचा आवाज ऐकावासा वाटत नसेल का? ते म्हणाले, "आवाजात बदल नाही." आमच्या घरी मी ही नक्कल करून दाखवायची तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसायची.

गावाने मग त्यांचं नावच पाडलं. बदल-न्हाय साहेब. "बदल-न्हाय साहेब आलं का गं?" असं म्हातारी माणसं मला सरळ विचारायची, आणि सरांना ते माहीत होतं, आणि त्यांना ते आवडायचं. हे त्यांनी कधी सांगितलं नाही. नाव ऐकलं की ते चष्मा पुसायचे, त्यावरून मला कळायचं.

पण माणूस कोरडा नव्हता हं. सुरुवातीला डब्यांचा मोठाच घोळ झाला. मोटारी सुरू झाल्या की सगळ्या हौदांत एकदम पाणी हलायचं, सगळे डबे एकदम बोलायचे, आणि ऑफिसात नुसती खरखर. काटे वेड्यासारखे नाचायचे. सर तीन-चार दिवस केस ओढत बसले. त्याच सुमारास मी त्यांना घरी जेवायला बोलावलं होतं. आमचं घर म्हणजे बाजार. आबा, आई, दोन काका, काकू, आत्या, आम्ही भावंडं, आणि बोलताना कुणी कुणाची वाट बघायची नाही. पिठलं वाढताना आत्या तिच्या सासरचं सांगतेय, काका बैलाचं, मी ऑफिसचं. सर ताटावर हात ठेवून नुसते बघत राहिले. मला वाटलं, आता उठून जातात. शेवटी आबांनी तांब्या जमिनीवर आपटला आणि म्हणाले, "अरं, पाटाच्या पाण्याला पाळी असती, तुमच्या तोंडाला का नसावी? एकेकानं बोला."

सरांनी हातातला घास तसाच ठेवला. "पाळी," म्हणाले. जेवण अर्धवट टाकून निघायलाच लागले होते, आईने दटावून बसवलं. दुसऱ्या दिवसापासून डब्यांना पाळ्या लावायचं काम सुरू. पाण्याच्या पाळीसारखीच बोलायची पाळी, प्रत्येकाने आपली वेळ आली की बोलायचं, तोवर झोपून राहायचं. लांबच्या हौदाचा आवाज ऑफिसपर्यंत पोचत नसे, तर त्याने शेजारच्याला सांगायचं, शेजारच्याने आपलं त्यात घालून पुढे द्यायचं, हातोहात विटा देतात तसं. फळीवरचे काटे शहाण्यासारखे वागायला लागले. सर आमच्या आबांना भेटायला पुन्हा घरी आले आणि येताना पेढे घेऊन आले. आबांना आपण काय केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पेढे मात्र त्यांनी आवडीने खाल्ले.

आता मुख्य गोष्ट. संस्थेचे चेअरमन माणूस सरळ, पण संचालक मंडळात पुढच्या हौदांचे लोक जास्त. त्यांना डबे डोळ्यांत सलायला लागले. साहजिकच आहे, आपला हौद भरलेला ऑफिसात दिसतो म्हटल्यावर पुन्हा चावी सोडून मागणार कशी? शेवटी चेअरमननी सगळ्यांसमोर सरांना सांगितलं. म्हणाले, "साहेब, उन्हाळ्यात पाण्याच्या दोन पाळ्या हायत. तेवढ्यात शेवटच्या हौदाला पाणी पोचलं तर डबं राहतील. न्हाय पोचलं तर जनरल मीटिंगला ठराव करून काढून टाकू. मग मला बोल लावायचा न्हाय."

सर मान हलवून बाहेर आले. त्या दिवशी, कुणी न विचारता, ते माझ्याशी बोलले. म्हणाले, आयुष्यभर यंत्रं केली. कारखान्यात गेली, गोदामात गेली, एक-दोन तर कपाटातच राहिली. माझ्या यंत्रामुळे कुणाच्या दारात पाणी आलंय, एवढं एकदा बघायचं आहे. एवढं बोलून ते एकदम संकोचले आणि बॅटऱ्या मोजायला निघून गेले.

आणि तिकडे वस्तीवर सरांवर विश्वास टाकून एका बाईने डाळिंबाची रोपं लावली होती. आक्का. साठीच्या पुढची, काटक, नवरा वारलेला, दोन्ही मुलगे ट्रकवर. तिचं छप्पर शेवटच्या हौदाला लागूनच. डबा बसवला त्या दिवशी तिने सरांना विचारलं होतं, यंदा पाणी यील का, आणि सर म्हणाले होते, येईल. जो माणूस नमस्कार दुसऱ्यांदा करत नाही तो येईल म्हणतो म्हणजे येईल, असा हिशोब तिने केला असावा.

डब्यांच्या चाचणीच्या वेळी शेवटचा हौद टँकरने भरून घेतला होता. डब्याने इमानदारीने कळवलं, भरला. काटा वर गेला आणि वरच राहिला. उन्हाळ्याची पहिली पाळी आली. मी फळीवर बघितलं, शेवटचा काटा वर, डबा गप्प, म्हणजे बदल नाही, म्हणजे हौद भरलेला. आम्ही शेवटची चावी सोडलीच नाही. भरलेल्या हौदात कशाला पाणी घालायचं? पाणी बाकीच्यांना वाटलं, पाळी संपली, सर खुश, मी खुश. मी तर घरी सांगून टाकलं, डबे राहणार म्हणून.

दहा-बारा दिवसांनी इंदापूरचा बाजार करून परत जाताना आक्का ऑफिसात आली. डोक्यावर पाटी, पाटीत भाजी. मी पाणी दिलं. ती सरांकडे बघून म्हणाली, "साहेब, तुमचा डबा लई तापतुया. उन्हात गप बसल्यालं असतंय बिचारं. म्या त्याला सावली केलीया, पर तुमी एकदा यिऊन बघा."

सरांनी विचारलं, सावली कसली? ती म्हणाली, घमेलं पालथं घातलंय त्याच्यावर, लोखंडी, वाऱ्यानं उडाया नगं म्हणून वर धोंडा ठिवलाय. केव्हापासून? तर टँकरचं पाणी घातलं त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून.

लोखंडाखाली अँटेना, म्हणजे डबा बोलला तरी ऑफिसला ऐकू येणार नाही. मी काट्याकडे बघितलं. काटा वर. सरांचा आवाजच बदलला. "आक्का, हौदात पाणी किती आहे?"

"कुठलं पाणी? टँकरचं कवाच सपलं, हौद कोरडा ठण्ण हाय."

"मग तुम्ही सांगितलं का नाही आम्हाला?"

आक्काला हा प्रश्नच समजेना. ती आमच्याकडे अशी बघायला लागली, जणू आम्हीच खुळे. "पाणी न्हाय आलं, ही काय सांगाया यायची गोष्ट हाय व्हय? ते तर कवाच येत न्हाय."

मला तिथल्या तिथे रडू फुटलं, खोटं कशाला सांगू. ती आली होती ती डब्याची तब्येत सांगायला. रोपं वाळायला लागली होती, त्याबद्दल तिने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

बातमी संचालकांपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो. डबे खोटं बोलतात, असं एकजण म्हणाला, आणि दुसरा म्हणाला की म्हातारीच्या घमेल्याने ज्याचं तोंड बंद होतं ते यंत्र काय कामाचं. चेअरमन एवढंच म्हणाले, आता एकच पाळी उरली, आणि जनरल मीटिंग त्याच दिवसांत आहे.

सर आणि मी संस्थेच्या जीपने वस्तीवर गेलो. सांगितल्याप्रमाणे घमेलं होतं, धोंडा होता, आणि वर लिंबाचा डहाळाही घातलेला. आता मात्र आक्का बिचकली होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं की तुझ्यामुळं डबं जाणार. ती हात जोडायला लागली, तर सरांनी तिचे हात खाली केले. घमेलं काढून बाजूला ठेवलं, त्याच्याकडे बघितलं, आणि हसायला लागले. नोकरीला लागल्यापासून मी त्यांना असं हसताना पहिल्यांदा बघत होते. हसता हसता ते हौदाच्या कठड्यावर बसले. मग म्हणाले, "चूक तुमची नाही, आक्का. चूक माझी. गप्प बसलेला आणि मेलेला, लांबून दोघं सारखेच ऐकू येतात. हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

तिथेच बसून त्यांनी कायदा बदलला. आता प्रत्येक डब्याने रोज सकाळी एकदा, बदल असो नसो, नुसतं सांगायचं की मी आहे. त्याचा दिवा एकदा लागेल. नाही लागला तर माणूस पाठवायचा. मी म्हटलं, बॅटरी? ते म्हणाले, लागू दे थोडी.

आक्का हे सगळं ऐकत चुलीवर चहा करत होती. मी तिला सोप्या भाषेत समजावलं, की डबा रोज सकाळी हाय म्हणून सांगणार आहे. तिने कपात चहा ओतला, सरांच्या हातात दिला आणि म्हणाली, "मग मला बी एक बसवा की. पोरं महिना-महिना गाडीवर असत्यात. मी गप बसली तर हाय का गेली, कुणाला कळायचं?"

तिने हे अगदी सहज म्हटलं, चेष्टेत म्हणाली असं समजलं तरी चाललं असतं. सरांनी चहा खाली ठेवला. पिशवीतून घराच्या घंटीचं साधं पांढरं बटण काढलं, वायर काढली, आणि हौदावरच्या डब्यापासून आक्काच्या छपराच्या मेढीपर्यंत ओढली. तिला सांगितलं, रोज सकाळी उठलात की एकदा दाबायचं. बटणाला पाळी नाही, दाबलं की ऑफिसात लगेच तुमचा दिवा लागेल. तिने लगेच दाबून बघितलं, आणि आम्ही दोघं जीपजवळ उभे असताना तिने विचारलं, लागला का हो? आम्हाला कसं कळणार, आम्ही तिच्याच दारात उभे. तिघंही हसलो.

येताना सरांनी इंदापूरला बूथपाशी जीप थांबवायला सांगितली. नेहमीसारखा फोन लावला, दोन रिंगा झाल्या, तिसरी झाली, चौथी झाली, आणि ठेवला नाही. तिकडून काकूंचा घाबरलेला आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू आला, काय झालं, काय झालं म्हणून. हे आपले म्हणतायत, "काही नाही झालं. काही नाही झालं म्हणूनच केला." मग बराच वेळ त्यांनी आमच्या आबांच्या तांब्यापासून आक्काच्या घमेल्यापर्यंत सगळं सांगितलं. बूथवाल्याने मीटरकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर दिवाळी होती.

दुसरी पाळी आली, ती नेमकी जनरल मीटिंगच्या दिवशीच शेवटच्या हौदाला पोचायची होती. आवारात मांडव, सतरंज्या, लाउडस्पीकर. पहाटेपासून मोटारी चालू. पुढचे हौद एकेक भरले, त्यांचे काटे वर गेले, आणि चेअरमननी स्वतः उभं राहून पाटकऱ्याला एकेक चावी बंद करायला लावली. एकदोघांनी कुरकूर केली, पण काटा डोळ्यांसमोर होता, बोलणार काय? मग पाणी शेवटच्या पाइपाला लागलं. सगळं संचालक मंडळ माझ्या खोलीत येऊन फळीसमोर उभं राहिलं. शेवटचा काटा तळाला. बोलायची त्याची पाळी यायला अजून वेळ होता.

कुणीतरी म्हणालं, चला, ठराव घेऊन टाकू, जेवणं खोळंबलीत. चेअरमननी घड्याळ बघितलं. सर खिडकीशी पाठमोरे उभे होते.

तेवढ्यात शेवटचा दिवा लागला. मला वाटलं, विझेल. विझला, आणि लगेच पुन्हा लागला, पुन्हा, पुन्हा, आणि मग लागला तो लागलाच.

"आता ह्यो दिवा कसला?" चेअरमननी विचारलं.

मी म्हटलं, "वस्तीवरची आक्का आहे. तिचं बटण आहे ते." मी दिव्यावर बोट ठेवलं. "सकाळी एकदा दाबायचं असतं. आज एकदा दाबून झालंय तिचं."

चेअरमन काट्याकडे बघत राहिले. काटा अजून तळालाच. मग ते मोठ्याने हसले आणि मागे वळून संचालकांना म्हणाले, "काटा हलायची वाट बघायची गरज न्हाय. पाणी पोचलं. चला, ठराव मी मांडतो, डबं ठिवायचा." आणि सगळे मांडवात गेले. बाहेर टाळ्या वाजल्या त्या मी खोलीतूनच ऐकल्या.

सर फळीसमोर खुर्ची ओढून बसले. चष्मा काढून हातात धरलेला, डोळे भरलेले, आणि ते लपवायचीही त्यांना शुद्ध नव्हती. दिवा जळतच होता. आक्का बटणावरचं बोट काढायला तयार नव्हती, आणि ती बोलत होती तोवर दुसऱ्या कुठल्याच डब्याचा आवाज ऑफिसला येत नव्हता. मला माझ्या कामाची आठवण झाली. मी म्हटलं, सर, पुढच्या हौदांचं काहीच ऐकू येत नाहीये.

"असू दे," सर म्हणाले. "त्यांचं इतकी वर्षं ऐकलंच की."

मग मीही त्यांच्या शेजारी खुर्ची घेतली, आणि मीटिंग संपेपर्यंत आम्ही दोघं तो दिवा बघत बसलो.